दसऱ्याला पुजलेला कॉम्प्युटर

धाकटी बहीण लग्न होऊन पुसदला गेली, तेव्हापासून आर्णीच्या घरात मी आणि दोन लॅपटॉप एवढेच उरलो. आईवडील त्याआधीच गेले होते. एका लॅपटॉपवर लिनक्स आहे, दुसरा कंपनीने दिलेला मॅक. दिवसभर मी दूरच्या लोकांसाठी वेबसाइट बनवतो आणि त्यांच्याशी टाइप करून बोलतो. संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा येतो.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर बहिणीचा फोन आला. तिने वेबसाइट बनवायचा ऑनलाइन कोर्स लावला होता. पायथॉन ही भाषा आणि तिच्यावर चालणारं जँगो नावाचं फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, सासरच्या कॉम्प्युटरवर घालायचं होतं. रविवारपर्यंत पहिलं पान सुरू करून दाखवलं नाही, तर कोर्समधून नाव कटणार होतं.

"दादा, तुह्याकडे तं दोन ओळीत होते म्हणे. माह्याकडे काहून नाही होऊन राह्यलं?"

लिनक्सवर खरंच दोनचार ओळी टाइप केल्या की होतं, मॅकवरही फार झटापट नाही. तिच्याकडे होतं विंडोज, आणि त्याला मात्र मी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. पहिल्या संध्याकाळी कळलं की इन्स्टॉल करताना एका चौकोनात टिक करायची ती विसरली होती. ते निस्तरलं. दुसऱ्या संध्याकाळी पायथॉन चाललं, पण जँगो अडलं. तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. एररमध्ये जिथे खात्याचं नाव असायला हवं, तिथे नुसत्या रिकाम्या चौकटी.

"कॉम्प्युटरवर नाव काय टाकलं होतं?"

"दसऱ्याले आणला ना. मामंजींनी पूजा केली, हळदकुंकू लावलं. कॉम्प्युटरनं नाव मांगतलं तं म्हणे पह्यलं नाव देवाचंच टाका. श्री गणेश टाकलं, मराठीत."

वहीवर श्री, लग्नपत्रिकेवर श्री, नव्या ट्रॅक्टरवर श्री. मग कॉम्प्युटर तरी कसा सुटेल? पण जँगोसोबतच्या एका जुन्या पॅकेजला खात्याच्या त्या देवनागरी नावाच्या फोल्डरमधून वाट सापडत नव्हती. इंग्रजी अक्षरांत दुसरं खातं उघडलं की दहा मिनिटांचं काम. मला ते तिथल्या तिथे कळलं.

मी सांगितलं नाही.

म्हटलं, "सगळं काढून पुन्हा घाल. उद्या पाहू."

त्या आठवड्यात रोज सातला फोन वाजायचा. मी साडेसहालाच चहा उरकून बसायचो. इन्स्टॉलची पट्टी हळूहळू सरकायची आणि तेवढ्यात आम्ही बोलायचो. तुरीला फुलं आली का, मागच्या अंगणातला कढीपत्ता जगला का, मी जेवलो का. इतकं तर ती घरात असतानाही आम्ही बोललो नव्हतो. मागून सासूबाई पोळ्यांसाठी हाक मारायच्या, ती "आली, आली" म्हणायची आणि उठायची नाही. मला ऐकू यायचं सगळं. तरी मी दुसऱ्या दिवशी तिला आणखी एक निरुपयोगी फाइल उतरवायला लावायचो. स्वतःची लाज वाटायची आणि सात वाजायची वाटही पाहायचो.

शनिवारी तिचा आवाज पडलेला होता.

"जाऊ दे दादा. माह्यानं नाही होत हे. घरचे म्हणून राह्यले तेच खरं, मले डोकंच नाही."

मी घाईघाईने म्हटलं, "थांब, थांब. नवीन खातं उघड. इंग्रजीत नाव टाक."

दहा मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर जँगोच्या पहिल्या पानावरचं रॉकेट उभं राहिलं आणि ती लहानपणीसारखी ओरडली. म्हणाली, "झालं! आता तुले रोजचा तरास नाही."

रविवारी सातला फोन वाजला नाही. सोमवारीही नाही.

महिन्याभराने तिनेच फोन केला. कोर्समध्ये तिला असले एरर शिकवले होते.

"दादा, त्या दुसऱ्या दिवशीच्या फोटोतच चौकटी दिसून राह्यल्या होत्या. तुले तवाच समजलं असन ना?"

मी म्हटलं, "नाही गं. ध्यानातच नाही आलं."

ती हळूच म्हणाली, "आठवण आली तं नुसता फोन करत जाय ना रे. त्याले एरर कायले पाह्यजे?"

मी बरं म्हटलं. अजूनही रोज सातला फोन हातात घेतो, आणि तिला कुठल्या कामाचं निमित्त सांगावं याचा विचार करत बसतो.