माझे दात किडलेले नव्हते

जळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी आरसा माझ्या तोंडात फिरवला आणि बोलले माझ्या नवऱ्याशी. "यांना डीप बाइट आहे. वरचे पुढचे चार दात काढू, कवळी बसवू. कटकट मिटेल."

डीप बाइट म्हणजे तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांमागे टाळ्यात रुतणं. माझ्या टाळ्याला कायम जखम असायची. भाकरी चावताना डोळ्यांत पाणी यायचं. घरचे म्हणायचे, उष्णता आहे, गुलकंद खा.

सत्तर सालच्या आसपासची ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांची, चोपड्याला शाळेत शिकवायचे.

"दात किडलेत का?" मी विचारलं.

"नाही. पण या वयात तारा कोण लावतं?"

नवरा मान डोलावत होता. मी खुर्चीवरून उठले आणि बाहेर आले.

धुळ्याला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात जागेवर आणणारे डॉक्टर, आल्याचं शाळेतल्या बाईंकडून कळलं. एकटीच गेले. एक्स-रे झाला, दातांचा प्लास्टरचा साचा झाला. मी मनातलं सगळं विचारून घेतलं.

"हिरड्या आणि हाड चांगलं असेल तर वय आड येत नाही," ते म्हणाले. "वेळ लागेल, दोनेक वर्षं धरा. तार आवळली की काही दिवस दुखेल. आणि तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात धरून ठेवणारी पट्टी, लावावीच लागेल. नाहीतर दात परत सरकतील."

दुखलं. दातादाताला स्टीलचं कडं, गाल आतून सोललेले. तार आवळून आले की नुसता वरणभात गिळायचा. शाळेत पोरं हसली, त्याचं काही वाटलं नाही. सासूबाई मात्र ताट वाढताना हटकून म्हणायच्या, "दोन पोरेसनी माय शे तू. आते कोणले दखाडनं शे?" म्हणजे दोन पोरांची आई, आता नटून कोणाला दाखवायचंय!

एकदा मी त्यांच्यापुढे तोंड उघडून जखम दाखवली. त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. लग्न झालेल्या बाईने तारा लावणं हा नखरा, असं घराने ठरवून टाकलं होतं. चारही दात उपटून आले असते, तर कोणी नखरा म्हटलं नसतं! हा राग माझा अजून गेलेला नाही.

तारा निघाल्या. टाळा भरून आला. धुळ्याच्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली, तर चांगला दात काढू देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला तोंड दाखवा.

पुढे शेजारच्या अक्का आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीचे दात पुढे आलेले, कोणीतरी काढून टाकायला सांगितलेले. मी बोलायच्या आत सासूबाईच ठसक्यात म्हणाल्या, "पोरले धुयाले ली जाय. दात उपाडू नको देऊ."

जणू मला धुळ्याला त्यांनीच पाठवलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी अक्कांना दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.