वस्तादांची ठिणगी

गॅरेजवाले वस्ताद म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. चार्जिंगची तक्रार आली की गाडी चालू ठेवायची आणि बॅटरीची तार खटकन उपसायची. इंजिन बंद पडलं नाही तर बॅटरी भरणारा आल्टरनेटर ठणठणीत, असा त्यांचा कायदा. ठिणगी उडाली की गिऱ्हाईक दचकायचं आणि वस्ताद मिशीतल्या मिशीत हसायचे. सगळ्या रस्त्याला त्याचं कौतुक होतं, त्यांना स्वतःला जरा जास्तच.

पण नर्सबाईंच्या जुन्या गाडीने त्यांचं नाक कापायचंच ठरवलं होतं. नवी बॅटरी घातली तरी सकाळी गाडी ढिम्म. घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासणाऱ्या बाईला हे कसं परवडणार? "या वेळी जमलं नाही, तर दुसरीकडे दाखवते," त्या शांतपणे म्हणाल्या. वस्तादांना ते फार लागलं.

सवयीने त्यांचा हात पान्याकडे गेला, तशी गॅरेजात हाताखाली काम करणारी त्यांची लेक मध्ये आली. "बाबा, आज मला बघू द्या."

तिने गाडी बंद केली, दारं लावली आणि बॅटरीच्या तारेत मीटर जोडला. बंद गाडी गुपचूप करंट खात होती. तिने एकेक फ्यूज काढून पाहिला, काटा काही खाली येईना. शेवटी आल्टरनेटरची जाड तार सोडवली आणि काटा शून्यावर आला. करंटला उलटं फिरू न देणारा आतला डायोड गेला होता. त्यामुळे गाडी चालताना बॅटरी धड भरत नव्हती, आणि उभी असताना गळत होती.

"हा जातो कशाने?" नर्सबाईंनी विचारलं.

"जुना झाला की जातो," लेक म्हणाली. बापाकडे बघायचं तिने टाळलं.

वस्ताद काय ते समजले. चालू गाडीची तार उपसली की करंट उसळतो आणि डायोड जळतो, हे ती कधीपासून सांगत होती. त्यांनीच ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आज पोरीने चारचौघांत बापाची अब्रू झाकली. त्यांचा ऊर भरून आला, पण ही उसनी अब्रू काही त्यांना पचेना.

"जुनाबिना काही नाही, बाई. माझ्या खोडीने गेला. दर वेळी मीच तार उपसायचो."

नर्सबाई हसल्या. "मग इथून पुढे गाडी आणू कुणाकडे?"

"इथेच आणा," लेकीकडे बोट दाखवत वस्ताद ताठ मानेने म्हणाले. "फक्त मी बॉनेटला हात लावताना दिसलो, तर हिला हाक मारा."