ओट्याचं माप

शेजारच्या नव्या इमारतीत ग्रॅनाइट कापायला लागले, की ओल्या दगडी भुकटीचा वास येतो आणि मी पुन्हा नवी नवरी होऊन आमच्या जूचंद्रच्या स्वयंपाकघरात उभी असते.

चूल काढून त्या दिवशी पहिल्यांदाच ओटा घालायचा होता. मिस्त्रीने विचारलं, "माप कोनाचं घेऊ?" मी पदर सावरून पुढे झाले.

"तू नको," सासूबाई म्हणाल्या. "नितीन, तू उभा रा."

मिस्त्रीच्या हातातला टेप तसाच राहिला. सासरे दारातच थबकले. माझ्या नवऱ्याला तर साधा चहा येत नव्हता! भरल्या घरात मला परकं ठरवलं, असंच मला वाटलं.

"सून कशीपन रांधेल," त्या म्हणाल्या. "ह्याला ओटा बुटका पडला, तर कंबर दुखते म्हनून पलून जाईल."

आज नितीन त्याच ओट्याशी ताठ उभा राहून बोंबील तळतो आणि मला तेव्हा न दिसलेलं दिसतं. त्याच्या कोपराखाली मिस्त्रीने भिंतीवर रेघ मारली, ती बघायला सासूबाई जवळ आल्या. जन्मभर चुलीपुढे वाकून त्यांची पाठ सरळच होत नव्हती.

ती रेघ बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आली.