नववी 'ब'मध्ये बोललेलं खोटं

उज्जैन पोलिसांतल्या हवालदार, तिकडच्या भाषेत प्रधान आरक्षक, जयश्री मोघे, म्हणजे घरची जयू, शाळेत शिरली की पोरं आधी तिच्या कमरेकडे बघतात. तिथे पिस्तूल नसतं, मग हिरमुसतात. नशा आणि मारामारीपासून मुलांनी लांब राहावं म्हणून पोलिसांनी शाळांमध्ये तास घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ठाण्यात हे काम कोणालाच नको होतं. जयूने आपणहून मागून घेतलं. मोघ्यांचे पूर्वज शिंदे सरकारांच्या दफ्तरात लेखणी चालवायचे. त्या घरातली मुलगी पोलिसात गेली म्हणून नातेवाइकांनी कमी नाकं मुरडली नव्हती. ही बाई त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून बावीस वर्षं नोकरी करते आहे. तिचे वडील तात्या याला हट्टीपणा म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

तासाच्या शेवटी मुलांकडून शपथ घ्यायची, फोटो काढायचा, की शाळा झाली, असा रिवाज होता. शपथ घेतलेली पोरं सुट्टीनंतर टपरीवर काय करतात, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. जयूने आपली एक पद्धत काढली. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यायची. नाव घालायचं नाही, पण लिहायचं प्रत्येकाने. सांगण्यासारखं काही नसेल तर आवडती भाजी लिहायची. म्हणजे खरं कोण लिहितंय हे शेजारच्यालाही कळत नाही. पन्नासांत सत्तेचाळीस भेंडी आणि बटाटे निघायचे. उरलेल्या तिघांसाठी ती धावपळ करायची.

देवास गेटजवळच्या शाळेत नववी 'ब'मध्ये मात्र घोळ झाला. भांग हीसुद्धा नशाच, असं ती सांगत होती. आता हे उज्जैनात सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यासारखंच. महाकालाच्या गावात भांगेला कोण वाईट म्हणणार? तेवढ्यात खिडकीजवळची गौरी नावाची मुलगी उभी राहिली.

"मैडम, आपके घर में कोई लेता है?"

"नहीं," जयू म्हणाली, आणि पुढच्या मुद्द्याला गेली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. तात्या तीस वर्षं रोज संध्याकाळी माधव नगरातून स्कूटर काढून रामघाटाकडे जातात, आणि घोट्याचा, म्हणजे घोटलेल्या भांगेचा, पेला रिकामा करूनच परततात. मुलगी पोलिसात आहे, हेही तिथे सगळ्यांना ऐकवतात. त्या दिवशी चिठ्ठ्या उघडल्या तर सगळ्या भाज्याच. एकीवर मात्र लिहिलं होतं, 'आपके पिताजी को मैं रामघाट पर रोज़ देखती हूँ। मुझे कुछ बताना था। अब नहीं बताना।'

जयूला इतकी शरम वाटली की चिठ्ठी तिने कोणाला दाखवलीही नाही. पण शरमेपेक्षा एक गोष्ट तिला जास्त टोचत होती. त्या पोरीला काहीतरी सांगायचं होतं, आणि आपल्या एका शब्दाने तिचं तोंड बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याच्या प्रमुखांपुढे, टीआई साहेबांपुढे, उभी राहिली. पुन्हा त्याच वर्गात जायचंय, माफी मागायचीय, म्हणाली.

"मैडम, वर्दी माफ़ी नहीं माँगती। बच्चे हँसेंगे। और वो स्कूल तो हो गया।"

"हँसने दीजिए सर। ड्यूटी में नहीं, तो अपनी छुट्टी में जाऊँगी। पर जाऊँगी वर्दी में ही। झूठ वर्दी में बोला था।"

साहेबांनी हाताने 'जा' अशी खूण केली. वाद घालून उपयोग नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

घरचा सामना जास्त अवघड होता. सकाळच्या चहाच्या वेळी तिने सरळ सांगितलं, "तात्या, मी वर्गात तुमचं नाव घेणारे."

"माझं? मी काय डाका टाकला?"

"भांगेचं."

"अगं, प्रसाद आहे तो भोलेनाथाचा. अन् घरातली गोष्ट कशाला चव्हाट्यावर? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"प्रसाद बोटभर असतो, तात्या. एक दिवस घोटा मिळाला नाही, तर तुम्ही आईच्या अंगावर ताट फेकलं होतं. मी नववीतच होते तेव्हा."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या ताटाविषयी या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. तात्यांनी कप तसाच ठेवला.

"हे पण सांगशील?"

"हे पण."

तात्या उठून आत गेले. पुढचे तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिनेही मनधरणी केली नाही.

शुक्रवारी नववी 'ब'मध्ये तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. उभी राहून म्हणाली, "पिछली बार मैंने झूठ बोला था। मेरे पिताजी रोज़ भांग लेते हैं।" मागच्या बाकांवरून हसू फुटलं. ती थांबली, ते ओसरू दिलं, आणि ताटाचंही सांगितलं. एकही वाक्य तिने अर्धवट सोडलं नाही. मग कोणी हसलं नाही. गौरी खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत बसली होती.

चिठ्ठ्या गोळा करून जयू बाहेर पडली, तर गौरी मागोमाग व्हरांड्यात आली. जवळ कोणी नाही असं पाहून तिने बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ होते.

"भैया। गोलियाँ खाता है, मेडिकल वाली। ना मिलें तो मारता है।" मग तिने विचारलं, "उसको पकड़ोगे?"

'नहीं' हा शब्द जयूच्या जिभेवर अगदी तयार होता. पोरगी मोकळी झाली असती, हसलीही असती.

"मालूम नहीं, बेटा," ती म्हणाली. "पहले उसको अस्पताल ले जाऊँगी। गोलियाँ जो बेचता है, उसको छोड़ूँगी नहीं। और भैया ने तुझ पर फिर हाथ उठाया, तो उसको भी पकड़ूँगी। ये सच बता रही हूँ।"

 गौरीने बाही खाली ओढली आणि म्हणाली, "वो चार बजे तक सोता है, घर पर ही मिलेगा। प्रिंसिपल मैडम से मेरी छुट्टी पूछ लो। अभी चलते हैं।"