पुरोहिताच्या रकान्यात भागीरथी

"जरमनी? आन सा मयन्यांआदी याच वट्यावं बसून तू कनाडा कनाडा करत व्हतास. त्याचा कं झाला? देश बंद केला त्यांनी?"

"देश बंद नाय केला आजे. व्हिजा रिफ्यूज झाला."

"म्हंजे हाकलला."

"हाकलायला आधी तिथं पोचायला पायजे ना. इथूनच नाय म्हणाले."

"मंग दारातूनच हाकलला. त्यात तुना कनचा मोठेपणा दिसला?"

निकेश पांढरे बूट ओले होऊ नयेत म्हणून पाय उचलून वट्याच्या कडेला टेकला होता. मांडीवर प्लास्टिकची फाईल होती. भागीरथी सुपात जवला घोळत होती, त्यातल्या काड्या, शिंपल्यांचे तुकडे वेचून बाजूला टाकत होती. पोराकडं तिनं अजून एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं.

सानपाड्याच्या मागं टॉवरांच्या घेऱ्यात जे जुनं गाव उरलंय, त्या गावची ही धवलारीण, सगळ्या गावाची आजे. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून लगीन लागेपर्यंत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन सगळे विधी करते ती धवलारीण. भट आला तर आला, धवलारीण मात्र लागतेच. सासूकडून भागीरथीकडं हे काम आलं, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. आवाज नाकातला, करवतीसारखा. एकदा एका डीजेवाल्यानं तिला घाईला लावलं, "आजी, जरा शॉर्टमधे घ्या." तिनं त्याच्या हातात समई दिली आणि सगळे धवले संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं. लग्नाचा मोसम सरला की ती वट्यावर सुकी मासळी मांडून बसते. टॉवरातल्या बायकांना ती फक्त बोंबीलवाली मावशी. अर्ध्या गावचे संसार हिच्या गळ्यातून निघालेत हे त्यांना माहीत नाही, आणि भागीरथीनंही कधी सांगितलेलं नाही.

निकेश हा गावातल्या जानूशेठचा एकुलता एक. आजोबांच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, शहर उभं राहिलं, त्याच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डरनं इमारत बांधली, इमारतीत चार गाळे घरचे राहिले. त्या गाळ्यांच्या सावलीत हा भोपळ्यासारखा वाढला. डिप्लोमा अर्धा सोडला, जिम पूर्ण केली. आणि गेली चार वर्षं तो देश निवडत होता.

बाजारात बाई पापलेट घेताना निदान कल्ला उचलून बघते. निकेशनं तेवढंही केलं नाही. मोबाइलवर हिरव्या डोंगरांचा व्हिडिओ पाहिला म्हणून न्यूझीलंड ठरला. संध्याकाळी सहानंतर तिथं रस्त्यावर माणूस दिसत नाही असं कुणीतरी म्हणालं म्हणून तो बारगळला. मग ऑस्ट्रेलिया. तिथं आधी इंग्रजीची परीक्षा मागितली. परीक्षेत तोंडी प्रश्न आला, तुम्हाला आदर वाटतो अशा वडीलधाऱ्या माणसाविषयी बोला. हा जिमच्या ट्रेनरविषयी बोलला, तेही दोनच वाक्यं. मग पोलंड, कारण एकदा युरोपात शिरलं की सगळे देश आपलेच, असं त्याला तुर्भ्याच्या एका मित्रानं सांगितलं होतं. मित्र स्वतः तुर्भ्यातच होता. दुबईचं नाव काढलं की निकेश नाक मुरडायचा. "तिथं तर आपल्या गावचा ड्रायव्हर पण गेलाय." म्हणजे जिथं ड्रायव्हर पोचला, तो देश याच्या लायकीचा नाही. ड्रायव्हर तिथं आठ वर्षं टिकून आहे ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती.

खारघरला मेट्रो स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर अश्विन नावाचा सल्लागार होता. भिंतीवर झेंडे, टेबलावर पृथ्वीचा फिरता गोल, स्वतः बँकॉकच्या पुढं गेलेला नाही. त्यानं निकेशला चार वाटा सांगितल्या. शिकायला जा, कामाला जा, पाहुणा म्हणून जा, नाहीतर कुणाचा तरी नवरा म्हणून जा. पाहुण्याला काम करता येत नाही हे ऐकून निकेशला फार लागलं. तसं काम त्यानं इथंही केलं नव्हतं, पण करायचंच नाही असं दुसऱ्यानं सांगावं हा अपमान वाटला. मग शिकायचं ठरलं. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, कॅनडात, हॉटेल चालवण्याचं शिक्षण. ज्यानं जेवलेलं ताट उचलून कधी मोरीत ठेवलं नाही तो माणूस हॉटेल शिकायला निघाला.

"लग्न रजिस्टर आहे?" अश्विननं विचारलं.

"नाय."

"पासपोर्टवर बायकोचं नाव?"

"नाय."

"बेस्ट. मग सिंगल लिहू. बायको दाखवली की प्रश्न वाढतात."

आणि निकेशनं लिहिलं, सिंगल.

लग्न तर असं झालं होतं की दोन दिवस गावचा रस्ता बंद होता. जानूशेठला कोणीतरी सांगितलं, आता सगळे भट बोलावतात, आपल्या रीतीनं कोणी करत नाही. त्यानं हट्टानं भटाला बोलावलंच नाही. हळदीपासून अंतरपाटापर्यंत एकट्या भागीरथीनं केलं, पुढं आठ दिवस तिचा घसा बसला होता. तीन हजार माणसं जेवून गेली. महानगरपालिकेला मात्र कुणी आमंत्रण दिलं नाही, त्यामुळं सरकारदरबारी ते लग्न झालंच नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी निकेश मिठाईचा बॉक्स घेऊन याच वट्यावर आला होता.

"आजे, कॅनडाच्या ऑफिसातून कोणी फोन करून इचारला ना, तर सांग की साखरपुडा झालाय फक्त."

"आन मी घसा फारून गायले तो कोनाचा लगीन? तुजे बुलेटचा?"

"टेक्निकल हाय आजे ते. कागदापुरतं."

भागीरथीनं बॉक्स उघडला, पेढे समोरच्या पोरांना वाटून टाकले आणि रिकामा बॉक्स त्याच्या हातात परत दिला. फोन काही आला नाही. पत्र आलं. हा माणूस खरोखर शिकायला येतोय आणि शिकून परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही, असं त्यात होतं. परक्या मुलखातल्या साहेबानं निकेशला कधी पाहिलं नव्हतं, तरी बरोबर ओळखलं.

आता तोच निकेश, तोच वटा, आणि मांडीवर नवी फाईल.

"आता कं लिवायचा हाय? मी मेले असा?"

"नाय गं. उलट हाय. लग्न झालं असं लिहून द्यायचंय." त्यानं फाईलीतून फॉर्म काढला. "हा लग्न नोंदणीचा. वॉर्ड ऑफिसला द्यायचा. इथं पुरोहिताचा रकाना हाय. नाव, पत्ता, वय, सही. लग्न लावलं तू, म्हणजे पुरोहित तूच."

भागीरथीनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक अक्षर बोटानं दाबत तिनं तो रकाना वाचला.

"आन हा आता कशाला पायजे झाला?"

निकेशनं मान खाजवली. तो जे अर्धवट बोलला त्याचा अर्थ असा. रुतिका, त्याची बायको, खारघरच्या एका हॉस्पिटलात नर्स. दोन वर्षं ती ड्यूटी संपवून वाशीला जर्मन शिकायला जात होती. भाकरी थापताना तोंडानं पाठ करायची. सासू दमयंतीला पहिले आठ दिवस वाटलं, सून स्तोत्र म्हणते. परीक्षा दिली, पास झाली, तिकडच्या हॉस्पिटलनं नोकरीचं पत्र पाठवलं. कोणता देश चांगला असं तिनं कुणाला विचारलं नाही. कोणत्या देशाला नर्स हवीय, एवढंच तिनं बघितलं. मग निकेश तिला घेऊन अश्विनकडं गेला. अश्विननं यावेळी खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि म्हणाला, मॅडमची फाईल मेन, सर त्यांच्या मागून नवरा म्हणून. फक्त लग्नाचं सर्टिफिकेट लागेल.

"म्हंजे घरजावई," भागीरथी म्हणाली.

"घरजावई नाय आजे. डिपेंडंट."

"परदेशी भाषेत घरजावईच तो. तुजे बापानं तालुक्यात सांगितला व्हता, माजे पोराना घरजावई मागनारे आले तं पाय मोरीन. आता कं करनार हाय जानू?"

"पप्पांना मी सांगितलं, फॅमिली व्हिजा हाय."

"या फारमावं रुतिकाची सही कुठं हाय?"

"ती नंतर करेल. तू आधी कर ना."

"रुतिकाला बोलव."

"नाइट करून आली असेल. झोपली असेल."

"मंग उठव. तुजे कनाड्याचे टायमाला मना उठवला व्हतास ना दुपारची?"

रुतिका झोपली नव्हती, ड्यूटीवरून येतच होती. पाठीला बॅग, कपाळावर टोपीच्या रबराचा वळ. गल्लीत वळली तेव्हा वट्यावर नवरा आणि त्याच्या हातात फॉर्म पाहून ती थांबली. मग येऊन खालच्या पायरीवर बसली.

"बाय, यो मना पुरोहित करतोय," भागीरथी म्हणाली. "तुना ठावा हाय का?"

"फॉर्म मीच डाउनलोड केलाय आजे. पण हा तुझ्याकडं एकटा येईल असं वाटलं नव्हतं."

"यानं कनाड्याचे वक्ताला तुना कागदावं नाय दाकवला. तो तुना कदी कलला?"

"पत्र आलं तेव्हा. इंग्रजी होतं. मलाच दिलं वाचायला." रुतिकानं बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढला. "अर्जदार सिंगल आहे, कोणी अवलंबून नाही, असं वर लिहिलं होतं. मी तेही वाचून दाखवलं. हा म्हणाला, पुढं वाच."

भागीरथीनं निकेशकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच. निकेश बुटावरचा डाग अंगठ्यानं पुसत होता.

"टेक्निकल होतं यार ते," तो म्हणाला. "किती वेळा सांगू. अश्विनच म्हणाला होता."

"तुजे तोंडात सारखा अश्विन. बायको कनची ते पन त्याला इचारून ठरवला असतास तं बरा झाला असता." मग ती रुतिकाकडं वळली. "माजा आईक. मी लावला तो लगीन झालेला हाय. कागूद नाय म्हनून तो नाय झाला असा मी बोलनार नाय, याचे साटी नाय आन तुजे साटी पन नाय. पन सई करायची का नाय, ता तू सांग. याचे सांगन्यावं मी पेन हातात धरायची नाय."

समोरच्या टॉवरच्या बेसमेंटमधून पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता. लग्न कागदावर आणलं तर जन्मभर याला ओढत न्यावं लागेल, नाही आणलं तर हा उद्या पुन्हा कुठंतरी सिंगल. दोन्हीतलं एक रुतिकाला आत्ता निवडायचं होतं, आणि रात्रभर उभं राहून तिचे पाय सुजले होते.

"सही कर आजे," ती म्हणाली. "पण आधी त्याची. माझ्यासमोर."

निकेशनं पेन काढलं. झाकण उघडलं. मग पुन्हा लावलं.

"काय झालं?" रुतिका म्हणाली. "माल्टा?"

"कसला माल्टा?"

"अश्विनचा मेसेज आलाय ना सकाळी. अनमॅरिड उमेदवारांसाठी, पंधरा जागा. त्याच्या सगळ्या क्लायंटना गेलाय. मी पण क्लायंटच आहे."

निकेशचे कान लाल झाले. "मी फक्त वाचला. अप्लाय नाय केला."

"माल्टा कुठं हाय?" भागीरथीनं विचारलं.

निकेशनं खिशातून मोबाइल काढला.

"बग, कुठं हाय ता पन ठावा नाय, तरी बायको सोरायला तयार. बैल पन गवत बगून मंग दावं तोरतो."

त्यानं सही केली. जोरानं केली, कागद फाटेल अशी. रुतिकानं केली. मग भागीरथीनं सूप बाजूला सारून फॉर्म मांडीवर घेतला आणि पुरोहिताच्या रकान्यात आपलं नाव, गावाचं नाव, वय, एकेक अक्षर कोरत लिहिलं. वय कमी सांगितलं नाही की जास्त सांगितलं नाही. सही करायला तिला इतका वेळ लागला की निकेशनं दोनदा घड्याळ बघितलं.

तो फॉर्म घ्यायला पुढं झाला, तर रुतिकानं तो उचलून आपल्या बॅगेत, डब्याशेजारी सरकवला.

"बुधवारी माझा ऑफ आहे. वॉर्ड ऑफिसला दोघं जाऊ. साक्षीदार पप्पा, मम्मी आणि शेजारचे काका. सर्टिफिकेट माझ्याकडं राहील."

"आणि माझा व्हिजा?"

"मी आधी एकटी जाते. सहा महिने काम करते. तोपर्यंत वाशीला माझ्या क्लासमधे तुझं नाव घाल. पहिली परीक्षा पास झालास तर बोलावते."

"पण अश्विन म्हणाला नवऱ्याला परीक्षा लागत नाही."

"त्या देशाला लागत नसेल. मला लागते."

निकेशनं भागीरथीकडं बघितलं, की आजी काही बोलेल, गावची रीत सांगेल, नवऱ्याचा मान वगैरे काढेल. भागीरथी उन्हाचा अंदाज घेत होती. मग तो उठला, बूट झटकले आणि बुलेटची किल्ली बोटावर फिरवत गल्लीतून निघाला. बुलेट खारघरच्या, म्हणजे अश्विनच्या दिशेनं गेली की जिमच्या, हे वट्यावरून कळलं नाही.

"जा बाय, निज जरा," भागीरथी म्हणाली. "डोले बग कसे झालेत."

"जाते." रुतिका उठली. "आजे, तिकडं सुकट नेता येते का गं, माहीत नाय. वास येतो म्हणून काढून घेतात म्हणे."

"घट बांदून देईन. मंग त्यांचा नशीब."

रुतिका घराकडं गेली. ऊन गच्चीपर्यंत चढलं होतं. भागीरथी गुडघ्यावर हात देऊन उठली, जिन्यानं वर गेली आणि दोरीवर टांगलेले बोंबील एकेक करून उलटे करू लागली. खालून कुणीतरी टॉवरातली बाई हाक मारत होती, मावशी, जवला निवडलेला आहे का.

"निवरतेय," भागीरथीनं वरूनच सांगितलं. "थांबायचा असंल तं थांब."