अण्णाच्या काचेवरचा काटा

माझा थोरला भाऊ अण्णा सकाळी देवाला हात जोडायच्या आधी काचेला हात लावायचा. हवेचा दाब दाखवणारं गोल घड्याळ भिंतीवर होतं, त्याच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचा. काटा खाली सरकला असं तो म्हणाला की मी अंगणातलं वाळवण उचलायचं.

समुद्राकाठच्या वेधशाळेत त्यानं जन्मभर वारा मोजला. लोक त्याला 'काट्र सार' म्हणत, वाऱ्याचे साहेब. माझी शाळा दुसरीपर्यंत, तरी जेवताना मलाच सांगायचा. "अगं, वादळ आवाजावर मोजत नाहीत. त्याच्या पोटात दाब किती उतरला ते बघतात. अमेरिकेत वारा एक मिनिट मोजतात, आपण तीन. म्हणून त्यांचा आकडा मोठा दिसतो." जगातलं सगळ्यात जोराचं वादळ कुठलं, मी म्हटलं तर हसायचा. "कुणाला ठाऊक? तिथं मोजायचं यंत्रच उडून जातं."

नवरा गेल्यावर मी त्याच्याकडंच राहिले. रिटायर होऊन त्यानं तंजावूरच्या दक्षिणेला माडांचा तोप्पु घेतला होता. दोघांचं पोट त्या बागेवरच.

वादळ येणार म्हणून टीव्हीवर सांगत होते, तेव्हा माडावर चढणारा मुरुगेसन दारात आला. "सार, घड उतरवतो. झावळ्याही तोडतो. डोकं हलकं झालं की झाड तगतं."

अण्णानं जुनी वही काढली. "मागच्या वादळाचा आकडा याहून मोठा होता. तेव्हा एक माड पडला नाही. नारळ कोवळे आहेत, राहू दे."

"झाडाला आकडा कुठं वाचता येतो, सार?"

"मग तूच जा वेधशाळेत."

दोघं हसले. मीही हसले.

आठवडाभराच्या पावसानं माती सैल झाली होती. पहाटे वारा आला. उजाडलं तेव्हा आमचा सगळा तोप्पु आडवा, घडांसकट. शेजाऱ्यानं ओझं उतरवलं होतं, त्याचे निम्मे माड उभे होते.

"उतरवलं असतं तरी पडलेच असते, सार," मुरुगेसन म्हणाला.

"खोटं बोलू नकोस," अण्णा म्हणाला.

मग आम्ही तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत एका खोलीत आलो. दाबाची काच मी भिंतीवर लावली. अण्णानं तिला परत बोट लावलं नाही. टीव्हीवर वादळ आलं की भिंतीकडं तोंड करून निजायचा. देवाघरी जायच्या आधी एकदाच म्हणाला, "आकडा बरोबर होता गं."

"हो अण्णा," मी म्हटलं.

काच अजून तिथंच आहे. धूळ पुसताना मी फडकं हळू फिरवते. धक्का लागला तर काटा हलेल, आणि मला तो वाचता येत नाही.