सेतुरावांचा पालथा डवरा

एकतीस वर्षं मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासल्या. दोघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिल्याशिवाय ओळ पुढे सोडली नाही. भुतंखेतं, संकेत असलं काही आलं की बाजूला ठेवायचो... अजूनही ठेवतो. ही एक गोष्ट मात्र बाजूला ठेवता आलेली नाही.

माझी मुलगी नेहा चेन्नईत पीएच.डी. करते. निवृत्तीनंतर मी नागपूरहून तिच्याकडे राहायला आलो. ती विघटनशील पॉलिमरचे कण बनवते – रव्याहून कितीतरी बारीक, पोटात प्रथिनाचं औषध असलेले. शरीरात पॉलिमर हळूहळू झिजतो आणि औषध थोडं थोडं बाहेर येतं. रोजच्या इंजेक्शनऐवजी महिन्याला एक पुरावं, ही कल्पना. चाचणीसाठी हे कण नळ्यांत घालून सदतीस अंशांच्या वॉटर बाथमध्ये नव्वद दिवस हलत ठेवतात. बाथमधलं पाणी रोज दोन बोटं उडून जातं. ते भरलं नाही तर हीटर बंद पडतो, आणि नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून. नेहाची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. दुसरे नव्वद दिवस तिच्याकडे नव्हते.

पाणी भरायचे सेतुराव. लॅब अटेंडंट, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. भरून झालं की ते आपला कॉफीचा डवरा – टंबलरखालची स्टीलची पसरट वाटी – बाथच्या झाकणावर पालथा घालत. पालथा म्हणजे भरलं, उताणा म्हणजे भरायचंय. सगळी लॅब हे पाळायची. डवऱ्याच्या काठावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. नेहाला ते पाप्पा, म्हणजे तमिळमध्ये बाळ, म्हणत आणि तिच्या नळ्यांना लेकरं. तिच्या नागपुरी बोलण्याला ते हसत, त्यांच्या बोलण्याला ती. माझ्यासमोर एकदा तिला म्हणाले, "पाप्पा, तूं जेवलीस की नाही ते तुझ्या अप्पांनी पाहावें. लेकरांचें पाणी मी पाहतों."

डिसेंबरात ते गेले. डवरा नेहाने स्वतः मैलापूरला त्यांच्या पत्नीकडे, मामींकडे, नेऊन दिला. लॅबमध्ये फळ्यावर पाणी भरायच्या पाळ्या लिहिल्या गेल्या. पोंगलच्या चार सुट्ट्यांचे रकाने कोरे राहिले. सुट्टीत पाणी कोण भरतं, हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नव्हता.

चौथ्या दिवशी, कानुम पोंगलला, अख्खं शहर समुद्रावर जातं. आम्ही चेन्नईजवळच्या कोवलमला होतो. होड्या बघता बघता नेहाने हातातली सुंडलची, उकडलेल्या चण्यांची, पुडी खाली ठेवली.

"बाबा, पाणी."

गर्दीमुळे बसला दोन तास लागले. साडेचारला वॉचमनने लॅबचं कुलूप उघडलं. चावीच्या वहीत शेवटची सही तिचीच होती, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळची.

बाथ चालू होता. सदतीस अंश. पाणी रेघेपर्यंत. झाकणावर डवरा, पालथा. मी तो उचलला. खाली ओलं वर्तुळ होतं... काठावर नाव होतं.

तिथून आम्ही थेट मैलापूरला गेलो. मामींनी कॉफी दिली आणि आम्ही विचारायच्या आधीच दिलगिरी व्यक्त केली. सुट्टीच्या पहिल्या दिवशी, भोगीच्या पहाटे त्यांनी फोटोपुढे डवऱ्यात कॉफी ठेवली होती. तासाभराने पाहिलं तर डवरा नव्हता. कामवालीला त्या उगाच बोलल्या होत्या. नेहाने पर्समधून डवरा काढून पुढे केला. मामींनी तो पदराने पुसला आणि तिच्याच हातात परत दिला.

"सुट्टीसही जात होते. त्यावरून मी किती भांडलें," त्या म्हणाल्या. "असूं दे तिकडेच. त्यांस लागतो."

नंतर मी सवयीप्रमाणे चौकशी केली. वॉचमनला दोनदा विचारलं, लॅबमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, कामवालीलाही विचारलं. कुणी आत गेलं नव्हतं, डवरा कुणी नेला नव्हता. दुसरी चावी गाईडकडे, आणि गाईड त्या आठवड्यात दिल्लीत. दुजोरा एकाचाही नाही. ही बातमी माझ्या टेबलावर आली असती तर मी छापली नसती.

नव्वद दिवस पूर्ण झाले. नेहाचा आलेख शेवटपर्यंत मिळाला, त्यावर फेलोशिपही वाढली. आता दुसऱ्या नळ्या बाथमध्ये आहेत. रोज संध्याकाळी ती स्वतः पाणी भरते आणि डवरा पालथा घालते. फक्त मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी पाणी रेघेपर्यंत भरून डवरा उताणा ठेवते.

प्रश्न विचारणं हेच माझं आयुष्यभराचं काम. भरलेल्या पाण्यावर डवरा उताणा का, हा मात्र तिला अजून विचारलेला नाही.